एक दिवसाचा परवाना

नाशिकची वाईनसहल मुंबई-पुण्याच्या माणसाने एका दिवसात उरकायची आणि पुढे वर्षभर सांगत राहायची असते. मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर आणि पुण्याहून त्याहून थोडे जास्त. अंतर असे बेताचे की सकाळी निघून रात्री घरी येता येते, आणि मुक्काम नसल्यामुळे घरी फारसा खुलासाही करावा लागत नाही. ‘नाशिकला जाऊन येतो’ एवढे वाक्य पुरते. रामकुंड, काळाराम मंदिर आणि त्र्यंबकेश्वर यांनी शेकडो वर्षांत या वाक्याला जी पत मिळवून दिली, तिचा लाभ वाईनसहलीला फुकटात होतो. रेल्वेचाही या कामी हातभार आहे. मुंबईहून पहाटे सुटून सकाळी नाशिकरोडला सोडणाऱ्या आणि संध्याकाळी तिथून परत आणणाऱ्या गाडीचे नाव तपोवन एक्स्प्रेस आहे.

सहलीतला खरा पेच व्याख्येचा असतो. वाईन ही नक्की काय वस्तू आहे याबद्दल महाराष्ट्रात अजून एकमत झालेले नाही. सकाळी जी दारू असते ती दहा वाजेपर्यंत शेतमाल होते, दुपारी ज्ञान होते आणि रात्री घाटात पुन्हा दारू होते. सहलकऱ्याला हे सगळे बदल एकाच पोशाखात निभवावे लागतात.

कायद्याच्या लेखी तिचे स्वरूप स्पष्ट आहे. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. राज्यात तत्त्वतः दारूबंदी असून व्यवहारात परवाने आहेत. पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि तो एक दिवसासाठी ५ रुपयांना, वर्षासाठी १०० रुपयांना आणि आजन्म १,००० रुपयांना मिळतो. परवाना देण्यामागचा हेतू कागदोपत्री प्रकृतिस्वास्थ्य राखणे हा आहे. गटात बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका असतातच. ते लगेच हिशेब मांडतात की वर्षाला वीसपेक्षा जास्त दिवस प्रकृती सांभाळायची असेल तर वार्षिक परवाना स्वस्त पडतो, आणि जन्मात दोनशेपेक्षा जास्त दिवस सांभाळायची असेल तर आजन्म. यावर काकू त्यांच्याकडे पाहतात आणि एक दिवसाचे परवाने निघतात.

वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. ती ओलांडून पन्नाशी गाठलेले लोकही ओळखपत्र मागितले की खूश होतात. अटीपेक्षा पंचांगाची अडचण मोठी. जानेवारी-फेब्रुवारी हा द्राक्षकाढणीचा, म्हणजे सहलीचा उत्तम काळ आणि २६ जानेवारी ही त्यातली सर्वांत सोयीची सुटी. मात्र २६ जानेवारीला राज्यात मद्यविक्री बंद असते. जोडून आलेली सुटी पाहून आलेले आणि ही गोष्ट फाटकापाशी समजलेले गट दरवर्षी दिसतात. त्या दिवशी द्राक्षबागेत द्राक्षाखेरीज काही मिळत नाही. सहल मग त्र्यंबकेश्वराकडे वळते आणि घरी सांगितलेले वाक्य अक्षरशः खरे ठरते.

वाईनला शेतमालाचा दर्जा मिळाला तो सरकारी धोरणामुळे. महाराष्ट्रात वाईन त्याआधीही होत होती. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी १९८०च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाईन तयार होऊन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी जात असे. पण नारायणगावाची महाराष्ट्रातली ओळख तमाशाची असल्यामुळे या कर्तबगारीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढे अमेरिकेत शिकून तिथली संगणक कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळच्या जमिनीत १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यॉं ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या वेली लावल्या आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. हे नाव इटालियन आहे की फ्रेंच यावर सहलीच्या गाडीत निदान कसाऱ्यापर्यंत वाद चालतो. ते सामंतांच्या आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतले आहे. बाटलीवरच्या सूर्याला भरघोस मिशाही आहेत, तेव्हा वस्तू कोणत्या मुलखातली याबद्दल शंका राहू नये.

२००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, वाईनला करात सवलती दिल्या आणि निफाड तालुक्यातल्या विंचूरला व सांगलीकडे पलूसला वाईनउद्योगासाठी जागा राखल्या. गावोगावचे बागायतदार वायनऱ्यांशी करार करून वाईनची द्राक्षे लावू लागले. २००८ नंतरच्या मंदीत अनेक वायनऱ्यांना कुलपे लागली आणि अनेकांनी त्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. सहलीतल्या माहितीपटात हा भाग नसतो. जानेवारी २०२२ मध्ये एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ या विधानावर राज्यात काही आठवडे घनघोर चर्चा झाली. निर्णय अमलात आला नाही. विधान मात्र टिकले आणि आता ते मुख्यतः सहलीला निघताना सासूबाईंसमोर वापरले जाते.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इगतपुरीला एक गंमत तेवढी लक्षात घेण्याजोगी आहे. या गावात विपश्यनेचे जगप्रसिद्ध केंद्र आहे आणि तालुक्यात संजेगावच्या आसपास वायनऱ्या आहेत. महामार्गावर एकाच गाडीतून उतरलेली दोन माणसे इथून दोन दिशांना जाऊ शकतात. एकाला दहा दिवस बोलायचे नसते, दुसरा संध्याकाळी थांबत नाही.

नाशिकला पोहोचताच मिसळ खाल्ली जाते. वाईन चाखण्याच्या शास्त्राच्या दृष्टीने याहून मोठी चूक सांगता येणार नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा जिभेवर जे काही करून ठेवतो, त्यानंतर फळांचे सूक्ष्म सुगंध ओळखण्याची तिची तयारी नसते. शिवाय मद्यार्काने तिखटाची आग वाढते ती वेगळीच. पण नाशिकला जाऊन मिसळ न खाणे ही सामाजिक चूक आहे आणि शास्त्रीय चुकीपेक्षा ती नेहमीच गंभीर मानली जाते. या परिस्थितीत किंचित गोड शेनिन ब्लां सर्वांना आवडते. त्याचे श्रेय द्राक्षाइतकेच रश्श्यालाही आहे.

यानंतर बाग येते. सहलकऱ्यांच्या मनात द्राक्ष म्हणजे थॉमसन किंवा सोनाका, लांबट, बिनबियांचे आणि पातळ सालीचे. वाईनचे द्राक्ष याच्या नेमके उलट असते. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. साखर मात्र त्यात खायच्या द्राक्षापेक्षा जास्त असते, काढणीच्या वेळी रसात साधारण २२ ते २४ टक्के. घडातला एक मणी गुपचूप तोडून तोंडात टाकणारा माणूस प्रत्येक गटात असतो, आणि त्याचा चेहरा पाहून बाकीचे तोडत नाहीत.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात उठते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. नाशिकच्या वेलीला झोपायला पुरेशी थंडी नसते. म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. फळछाटणीनंतर साडेचार-पाच महिन्यांनी घड तयार होतो. मधल्या काळात भुरी, केवडा आणि अवकाळी पाऊस यांच्याशी झुंज चालू असते आणि बागायतदाराची झोप वेलीहून कमी असते. ही माहिती मार्गदर्शक मनापासून देतो. त्या वेळी गट फोटो काढत असतो. पावसाळ्यात आलेल्यांना बागेत फक्त पाने दिसतात. तेही फोटो काढतात आणि खाली ‘द्राक्षांच्या सान्निध्यात’ असे लिहितात.

कारखान्याच्या फेरीत स्टीलच्या मोठ्या टाक्या दिसतात. रसातल्या साखरेचे यीस्टच्या मदतीने मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड होतात, टाकीभोवती थंड पाणी फिरवून तापमान ताब्यात ठेवले जाते, हा झाला गाभा. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा पांढुरकाच असतो. रंग सालीत असतो, म्हणून लाल वाईनचा रस सालींसकट आंबवतात आणि पांढरीचा साली वेगळ्या काढून. साली काही तासच ठेवल्या तर गुलाबी होते. ही गोष्ट ऐकून प्रत्येक गटात एकदा तरी ‘म्हणजे आपल्या इडलीच्या पिठासारखंच की!’ असा उद्गार निघतो आणि तो चुकीचा नाही. ओकच्या पिंपांच्या खोलीत गारवा आणि शांतता असते. एका पिंपात साधारण २२५ लिटर, म्हणजे पाऊण लिटरच्या ३०० बाटल्या मावतात. एका बाटलीला सव्वा किलोच्या आतबाहेर द्राक्षे लागतात हे कळल्यावर बँकेतले काका बाजारातला द्राक्षांचा भाव, बाटलीची किंमत आणि मधली तफावत काढून मार्गदर्शकाला जाब विचारतात. मार्गदर्शक त्यांना पुढच्या दालनात नेतो. हे दालन चाखण्याचे असते.

चाखणे हा सहलीचा गाभारा. पाच-सहा प्रकारच्या वाईन प्रत्येकी तीसेक मिलिलिटर मिळतात. प्रमाण पळीभर तीर्थाहून जास्त आणि चहाच्या कटिंगहून कमी. ग्लास खालच्या दांडीला धरायचा, कारण हाताच्या उबेने वाईन तापते. महाराष्ट्राला कप आणि बशी धरणे माहीत आहे. दांडी धरणे नवे असते, त्यामुळे पहिली दहा मिनिटे सगळा गट आरतीचे निरांजन धरल्यासारखा उभा राहतो. मग ग्लास गोल फिरवायचा. हे कौशल्य गावाकडे सुपात धान्य पाखडणाऱ्या आजीला चटकन जमते. तिच्या नातवाच्या शर्टावर शिराझ सांडते.

त्यानंतर वास घ्यायचा आणि काय येतो ते सांगायचे. सहलकऱ्याला इथे परीक्षेची भीती वाटते. मार्गदर्शक म्हणतो, ‘हिरवे सफरचंद, लिंबूवर्गीय फळे, ताजे कापलेले गवत.’ गट माना डोलावतो. तेवढ्यात मागून एखाद्या मावशी म्हणतात, ‘मला तर ढोबळी मिरचीचा वास येतोय.’ सगळे हसतात. मावशींचे नाक बरोबर असते. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारे पायराझिन गटातले रसायनच सोव्हिन्यॉं ब्लांमध्ये असते. शिराझमध्ये काळी मिरी जाणवली तर तेही खरे, कारण काळ्या मिरीतले रोटुंडोन त्या द्राक्षाच्या सालीत सापडते. रोज फोडण्या देणारी नाके या परीक्षेत वरच्या वर्गात पास होतात, पण गुणपत्रिका परक्या फळांच्या नावाने छापलेली असल्यामुळे त्यांना ते कळत नाही. ब्लॅकबेरी कधी न पाहिलेला माणूस ‘हो, ब्लॅकबेरी आहे खरी’ असे म्हणतो आणि आयुष्यभर खाल्लेले जांभूळ ओळखायला घाबरतो.

लाल वाईनपाशी आणखी एक घोळ होतो. टॅनिन समजावताना मार्गदर्शक ‘तोंड कोरडे पडते, हिरड्या आवळल्यासारख्या होतात, एक प्रकारची पकड जाणवते’ अशी चार वाक्ये खर्च करतो. मराठीत याला ‘तुरट’ म्हणतात. सहा रसांत त्याला स्वतंत्र जागा आहे, आणि सुपारी, हिरडा, आवळा, कडक चहा यांच्यामुळे तो सगळ्यांच्या तोंडचा आहे. पण तीन अक्षरांत काम झाले तर तिकिटाचे पैसे वसूल कसे होणार, असाही विचार त्यामागे असू शकेल.

शेवटची पायरी थुंकण्याची. जाणकार चाखणारे घोट तोंडात फिरवून शेजारच्या भांड्यात टाकतात, म्हणजे सहाव्या वाईनपर्यंत बुद्धी शाबूत राहते. थुंकणे ही कला महाराष्ट्राला नवी नाही. जिने, एसटीच्या खिडक्या आणि सरकारी कचेऱ्यांचे कोपरे तिची साक्ष देतात, आणि ‘येथे थुंकू नये’ हा फलक राज्यात सर्वाधिक दुर्लक्षित साहित्यप्रकारांपैकी आहे. पण जिथे थुंकण्यासाठी मुद्दाम भांडे ठेवले आहे आणि आदराने विनंती केली आहे, तिथे एकही थेंब पडत नाही. पैसे मोजलेली वस्तू थुंकायची ही कल्पनाच पटत नाही. उलट न पिणाऱ्या वहिनींच्या वाट्याचे सहा ग्लास हळूहळू टेबलावरून भावोजींकडे सरकतात. चौथ्या वाईनपासून त्यांना सगळ्यांतच ब्लॅकबेरी लागू लागते.

फसफसणारी वाईन आली की सगळे तिला शॅम्पेन म्हणतात. हे नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांतातल्या वाईनलाच लावता येते, हे मार्गदर्शक सांगतो. नाशिकची द्राक्षे आणि तिथली वाईन यांनाही भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा मुद्दा समजायला हरकत नसावी. पैठणी येवल्याची की सुरतेची यावर भांडणाऱ्या मंडळींना तो एरवी लगेच समजतो. दिंडोरीला तर फ्रान्सच्या शॅम्पेनवाल्या घराण्यानेच वायनरी काढली आहे, आणि तिथेही बाटलीवर शॅम्पेन लिहीत नाहीत. मात्र बूच उडाल्यावर ‘शॅम्पेन, शॅम्पेन!’ असाच गजर होतो.

उत्सव हा या सगळ्या शिस्तीवर उतारा आहे. ‘सुलाफेस्ट’ २००८ साली सुरू झाला. गंगापूर धरणाच्या बाजूला, वायनरीच्या आवारातल्या दगडी पायऱ्यांच्या खुल्या रंगमंचावर फेब्रुवारीत तो भरत असे. २०२० नंतर महासाथीमुळे खंड पडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा झाला. दुपारी जो माणूस दांडी धरून वास घेत होता, तोच उत्सवात प्लॅस्टिकचा पेला मुठीत धरून देशी-विदेशी वाद्यवृंदापुढे उड्या मारताना दिसतो. हातातली शिराझ आहे की कॅबर्ने याची तो आता चौकशी करत नाही. मनगटाला कागदी पट्टी, गळ्यात पिशवी आणि दिवसा डोक्यावर गवताची हॅट असा उत्सवाचा वेश असतो. नाशिकची फेब्रुवारी दुपारी चटके देते आणि रात्री कुडकुडवते. त्यामुळे आठच्या सुमारास हॅटा उतरतात आणि आईने बळेच पिशवीत घातलेल्या कानटोप्या बाहेर येतात. त्या क्षणी तरुण पिढीला आईचे म्हणणे पटते. याचा पुरावा फोटोत मात्र राहू दिला जात नाही.

उत्सवातली सर्वांत लांब रांग द्राक्षे तुडवण्याची असते. लाकडी हौदात घड टाकलेले असतात आणि लोक पाय धुऊन त्यात नाचतात. अशा रसाची वाईन बाटलीत भरून विकली जात नाही, ते काम यंत्रे करतात. ज्यांचे आजोबा खळ्यावरच्या मळणीला कंटाळून गिरणीत नोकरी धरायला मुंबईला गेले, त्यांचे नातू पैसे भरून पायाखाली पीक तुडवायला परत येतात. हौदाबाहेर उभा असलेला बागेतला मजूर हे दृश्य शांतपणे पाहतो. घडाचा एक मणी फुटू नये म्हणून त्याने सकाळभर जपून कात्री चालवलेली असते.

परतीच्या वाटेवर वाईन पुन्हा कायद्याच्या हाती येते. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असलेल्याने गाडी चालवणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हवालदाराच्या यंत्राला वाईन आणि दारू यांतला तात्त्विक फरक कळत नाही. त्यामुळे न पिणारा चालक ही सहलीतली सर्वांत महत्त्वाची नेमणूक असते. जावयाला हे काम सांगता येत नाही, काकांना रात्री दिसत नाही, म्हणून ते धाकट्या मेव्हण्याच्या गळ्यात पडते. दिवसभर त्याने लिंबूसरबत प्यायलेले असते. घाटात मागच्या सीटवरून चाललेली वाईनवरची व्याख्याने शुद्धीवर राहून ऐकण्याची पाळी एकट्या त्याच्यावर येते. गाडीत चिवड्याचे पुडे असतात. निघताना घरी सांगितलेल्या वाक्याला पुरावा लागतो आणि नाशिकचा चिवडा तो पुरवतो.

चिवड्यासोबत प्रत्येक घरात एक बाटली येते. ती ‘काहीतरी विशेष असेल तेव्हा’ उघडायची असे ठरते, कारण वाईन जितकी जुनी तितकी चांगली असे सर्वांनी ऐकलेले असते. बहुतेक पांढऱ्या वाईन वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या असतात, पण हे वाक्य मार्गदर्शकाने म्हटले तेव्हा गट फोटो काढत होता. बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मुलीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी, थेट उन्हात उभी राहते. पुढे कोणाच्या तरी बढतीला ती उघडतात, चौघांत मिळून दोन ग्लास संपवतात आणि उरलेली टोपण लावून फ्रिजच्या दारात, पन्ह्याच्या बाटलीजवळ ठेवतात. तिथे हवेतल्या जिवाणूंना उसंत मिळते. उरलेल्या मद्यार्काचे ते सावकाश ॲसिटिक आम्ल करतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी बाटलीत व्हिनेगर तयार होते. सासूबाई वास घेऊन ते कांद्यात घालतात. ती दारू आहे की नाही, यावर घरात त्यानंतर कोणाचेच दुमत नसते.